गाडीतलं बटण, घरातलं ऑटोमेशन : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनीषनगरातल्या आमच्या घराचं गेट गाडीतल्या आरशाखालच्या बटणावर उघडतं. त्याच बटणाने पोर्चचा दिवा लागतो आणि एप्रिलपासून पुढे कूलरचा पंपही सुरू होतो. बघायला ओळखीचे येतात, ओळखीच्यांचे ओळखीचे येतात, आणि प्रश्न साधारण तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. काही लांब आहेत, कारण तिथेच लोक अडकतात.

गाडीतली ही बटणं म्हणजे नेमकं काय?

काही गाड्यांत आतल्या आरशाच्या खालच्या कडेला, सन व्हायजरवर किंवा छतावरच्या दिव्यांच्या पॅनेलवर तीन बटणं असतात आणि त्यावर छोट्या घराचं चित्र असतं. या व्यवस्थेचं नाव होमलिंक. अमेरिकेतल्या मिशिगनमधली जेंटेक्स ही कंपनी ती बनवते. २०१३ मध्ये तिने हा व्यवसाय जॉन्सन कंट्रोल्सकडून विकत घेतला. तिकडे गॅरेजचं दार उघडायला ही बटणं वापरतात. आपल्याकडे ती प्रामुख्याने महागड्या गाड्यांमध्येच दिसतात.

आत असतो एक छोटा रेडिओ ट्रान्समीटर, जो दुसऱ्या रिमोटची नक्कल शिकू शकतो. एवढं एक लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं : बटण फक्त हाक मारतं. ती कोणी ऐकली का, गेट उघडलं की अर्ध्यात अडकलं, हे त्याला कळत नाही. काही नव्या मॉडेलांना ठरावीक मोटरींकडून उलट निरोप मिळतो, पण आपल्याकडच्या मोटरींबाबत ते धरून चालू नका. ओ देणारा आपणच घरात बसवायचा असतो. तो कुठे बसवायचा, त्याने कोणावर विश्वास ठेवायचा आणि कधी गप्प राहायचं, हेच खरं काम आहे.

माझ्या गाडीच्या आरशावरही तीन बटणं आहेत. तीच ना ही?

बहुतेक वेळा नाही. हा घोळ आपल्याकडे फार होतो. कनेक्टेड, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या, गाड्यांच्या आरशावरची तीन बटणं म्हणजे तातडीची मदत, रस्त्यावर गाडी बंद पडल्यावरची मदत आणि कंपनीचं कॉल सेंटर. ती सिम कार्डवरून फोन लावतात, गेटशी त्यांचा काही संबंध नाही. प्रतापनगरातल्या एका काकांनी एसओएस लिहिलेलं बटण गेटसमोर उभं राहून तीनदा दाबलं होतं. पलीकडून बाईंचा काळजीचा आवाज आला, तेव्हा काकाच घाबरले. घराचं चित्र दिसत नसेल, तर दाबण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा.

ब्लूलिंकमध्ये 'होम टू कार' आहे. त्यानेच काम होणार नाही का?

त्याची दिशा उलटी आहे. ब्लूलिंक ही ह्युंदाईची कनेक्टेड गाड्यांची सेवा, २०१९ मध्ये व्हेन्यूबरोबर आलेली. 'होम टू कार' म्हणजे घरातून अलेक्साला सांगून गाडीचा एसी सुरू करणं, गाडी लॉक करणं. आपल्याला गाडीतून घराला सांगायचं आहे.

फ्रिक्वेन्सी जुळते की नाही, हे का बघायचं?

कारण ती जुळली नाही तर पुढचा सगळा खर्च वाया. होमलिंकची बटणं पिढीनुसार साधारण २८८ ते ४३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. काही जुनी मॉडेलं वरच्या टोकापर्यंत पोहोचत नाहीत. आपल्याकडच्या गेटच्या आणि शटरच्या रिमोटांत ४३३.९२ मेगाहर्ट्झ सर्रास असतं, आणि ४३३ ते ४३४ हा पट्टा भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याविना खुला आहे. अमेरिकेत ३१५ आणि ३९० जास्त चालतात. तिकडून कोणी पाठवलेला गॅरेजचा संच इथे लावायचा मोह होतो. लावू नका. तो इथल्या ४३३ ते ४३४ च्या खुल्या पट्ट्यात बसत नाही.

तुमचं बटण ४३३.९२ शिकतं का, हे मॅन्युअलमध्ये बघा. तिथे सापडलं नाही तर शेजाऱ्याचा गेटचा रिमोट मागून पाच मिनिटांत तपासता येतं. पद्धत पुढे दिली आहे.

घराच्या बाजूला काय काय लागतं?

तीन गोष्टी : ऐकणारा, विचार करणारा आणि करणारा.

ऐकणारा म्हणजे ४३३ मेगाहर्ट्झचा रिसीव्हर. बाजारात सगळ्यात स्वस्त हिरवी पट्टी मिळते, तांब्याची गुंडाळी असलेली. ती घेऊ नका. दोन मीटरवरून ऐकते, पाच मीटरवर बहिरी होते. 'सुपरहेटेरोडाइन' मागा. आरएक्सबी६ किंवा एसआरएक्स८८२ या नावांचे रिसीव्हर चांगले चालतात. त्याला अँटेना म्हणून साधी एकेरी तार लावायची, १७.३ सेंटिमीटर लांबीची. हा आकडा आला कुठून? ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर, तिचा हा चौथा हिस्सा. लोक याला किरकोळ समजून हाताला लागेल तेवढी तार जोडतात आणि मग रेंज मिळत नाही म्हणतात. पट्टी घेऊन मोजा, कापा, सरळ उभी ठेवा.

रिसीव्हरचा निरोप ईएसपी३२ नावाच्या छोट्या वाय-फाय बोर्डाला द्यायचा. इथे एक जागा जपण्याची. आरएक्सबी६ पाच व्होल्टवर चालतो आणि ईएसपी३२ च्या पिनांना ३.३ व्होल्टच सोसतात. थेट जोडू नका. मध्ये १० किलोओहम आणि २० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावले की पाचाचे बरोबर ३.३ होतात. एसआरएक्स८८२ हा ३.३ व्होल्टवरच चालवता येतो, म्हणून नवशिक्याला मी तोच सुचवतो.

विचार करणारा म्हणजे होम असिस्टंट, घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर किंवा घरात पडून असलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतं. इंटरनेट बंद पडलं तरी घरातल्या घरात त्याचं काम सुरू राहतं, आणि गेटसारख्या गोष्टीला हे हवंच. ईएसपी३२ मध्ये ईएसपीहोम हे त्या बोर्डासाठीचं सॉफ्टवेअर भरलं की होम असिस्टंट त्याला आपणहून ओळखतं. ईएसपीहोममध्ये आधी 'आलेला प्रत्येक कोड दाखव' एवढंच सांगायचं, गाडीतलं बटण दाबायचं, लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या निरोपांच्या नोंदीत, उमटलेला २४ बिटांचा आकडा उतरवून घ्यायचा आणि त्या आकड्याला नाव द्यायचं : 'गाडी बटण एक'.

करणारा म्हणजे रिले, निरोप आला की दोन तारा जोडणारा छोटा विजेचा स्विच. गेटच्या मोटरच्या बोर्डावर 'स्टार्ट' किंवा 'ओपन' अशी दोन स्क्रूंची जागा असते. तिथे कोरा संपर्क द्यायचा, म्हणजे व्होल्टेज नसलेला, फक्त दोन तारा एकमेकींना टेकवणारा. २३० व्होल्टची तार चुकून तिथे गेली तर बोर्ड जळतो. हे एक काम वायरमनकडूनच करून घ्या आणि करताना मेन स्विच बंद ठेवा.

कोडिंग येत नाही. मग?

रिले असलेला तयार ४३३ रिसीव्हर घ्या आणि त्याच्या रिलेच्या दोन तारा झिग्बी या वायरलेस पद्धतीवर चालणाऱ्या दार-सेन्सरच्या बाहेरच्या संपर्काला जोडा. बटण दाबलं की होम असिस्टंटला 'दार उघडलं' असं दिसेल. तोच निरोप समजा. बाकी सगळं माउसने होतं.

गाडीतल्या बटणाला शिकवायचं कसं?

आधी एक साधा चार बटणांचा रिमोट आणा. ईएसपी३२ च्या लॉगमध्ये त्याचा आकडा दर वेळी तोच येतो का बघा. तोच आला तर तो फिक्स्ड कोडचा आहे आणि आपल्या कामाचा.

माझ्या भाच्याच्या गाडीला आम्ही बजाजनगरात, त्याच्या पोर्चमध्ये शिकवलं, ते जसंच्या तसं सांगतो. गाडी बंद, चावी 'ऑन'ला. मी रिमोट आरशाच्या बटणापासून साधारण तीन बोटांवर धरला. भाच्याने आरशाचं बटण दाबून धरलं, मी रिमोटचं. आरशाचा दिवा सावकाश लुकलुकत होता. दहा सेकंद, वीस सेकंद, काहीच नाही. भाचा म्हणाला, "मामा, सोडू का?" मी म्हटलं, धरून ठेव. तेवढ्यात लक्षात आलं की रिमोटचा स्वतःचा लाल दिवा विझला आहे. काही रिमोट थोड्या सेकंदांनी आपणहून बोलणं थांबवतात. मग मी रिमोटचं बटण दर दोन सेकंदांनी सोडून पुन्हा दाबू लागलो, त्याचं बोट मात्र आरशावर तसंच. चौथ्या-पाचव्या वेळी आरशाचा दिवा भराभर लुकलुकू लागला. घरात वहिनींनी लॅपटॉपवर बघून हाक दिली, "आला आकडा!"

बटण अडलं की दहापैकी नऊ जण रिमोट खराब आहे म्हणून परत करायला निघतात. आधी ही सोड-दाब करून बघा. बाकी दोन बटणांना रिमोटची दुसरी आणि तिसरी बटणं शिकवायची. मग रिमोट घरातल्या कपाटात ठेवून द्यायचा, गाडीत नाही.

माझ्या गेटचा रिमोट दर वेळी वेगळा आकडा पाठवतो. तो कसा जोडू?

तो रोलिंग कोडचा आहे आणि ही चांगली बातमी आहे. अशा रिमोटांत मायक्रोचिप कंपनीची एचसीएस३०१ ही चिप नेहमी दिसते. ती दर दाबण्याला ६६ बिटांचा निरोप पाठवते आणि त्यातले ३२ बिट दर वेळी बदलतात. ते उलगडायची किल्ली मोटर बनवणाऱ्याकडे असते.

इंटरनेटवर एक आडवाट सापडते : बदलणारे बिट सोडून द्या आणि न बदलणारा सीरियल नंबर ओळखा. तांत्रिकदृष्ट्या ते जमतं. पण मग रोलिंग कोडची सगळी सुरक्षा तुम्ही स्वतःच्या हाताने काढून टाकलेली असते. गेटसाठी हे कधीच करू नका.

योग्य रस्ता असा : कोड उलगडायचं काम ज्याचं त्याला करू द्या. मोटरच्या बोर्डावरचं 'लर्न' बटण दाबा आणि साधारण तीस सेकंदांच्या आत गाडीतलं शिकवलेलं बटण दोन-तीनदा दाबा. अर्थात तुमच्या होमलिंकला त्या मोटरचा कोड झेपतो का, हे त्यांच्या यादीत आधी बघावं लागतं. झेपत असेल तर बोर्ड त्याला ओळखतो. मग होम असिस्टंटने रेडिओ ऐकायचाच नाही, फक्त गेटवरचा चुंबकाचा सेन्सर बघायचा : गेट उघडलं, म्हणून दिवा लाव. बाकीच्या बटणांचा निरोपही रोलिंग कोडनेच हवा असेल तर अनेक चॅनेलचा रोलिंग रिसीव्हर घ्या आणि त्याचे रिले ईएसपी३२ ला जोडा.

फिक्स्ड कोड किती सुरक्षित?

दिव्यासाठी पुरेसा, गेटसाठी अपुरा. या रिमोटांत ईव्ही१५२७ नावाची चिप असते. तिचे २० बिट ओळखीचे, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास वेगवेगळे आकडे, आणि ४ बिट बटणांचे. साडेदहा लाख ऐकायला मोठं वाटतं. पण आकडा ओळखत बसायची चोराला गरजच नाही. तुम्ही बटण दाबता तेव्हा गल्लीत उभं राहून तो ऐकला की झालं. असे रिमोट समोरासमोर धरून कॉपी करून देणारे चावीवाले प्रत्येक शहरात आहेत, आपल्याकडेही.

माझा नियम साधा आहे. दिवा, पंखा, कूलर फिक्स्ड कोडवर. गेट रोलिंग कोडवर. घराचं मुख्य दार गाडीच्या बटणावर अजिबात नाही, कितीही सोय वाटली तरी.

गेटला फिक्स्ड कोडच वापरावा लागत असेल तर अट घाला : बटणाचा निरोप आला *आणि* माझा फोन त्या वेळी गाडीच्या ब्लूटूथला जोडलेला असेल, तरच गेट उघड. अँड्रॉइडवरचं होम असिस्टंटचं ॲप ही माहिती घरी पाठवू शकतं. नुसता कोड चोरून मग काम भागत नाही.

गेट अर्ध्यात थांबतं. बटण खराब आहे का?

बटण बरोबर आहे, 'स्टार्ट' स्क्रूचा हा स्वभाव आहे. तिथे दर संपर्काला क्रम असा असतो : उघड, थांब, बंद कर, थांब. आणि रिमोटचं एक दाबणं म्हणजे तोच निरोप अनेकदा लागोपाठ. होम असिस्टंटने त्यातले दोन वेगळे धरले की गेट उघडायला लागून थांबतं. ऑटोमेशनला सांगा की एकदा निरोप मिळाला की पुढचे तीन सेकंद काही ऐकू नको. बोर्डावर वेगळा 'ओपन' स्क्रू असेल तर तोच वापरा.

बंद करण्याचं काम मी गाडीच्या बटणावर ठेवलेलं नाही. गेटच्या वाटेतला इन्फ्रारेड किरण मोकळा आहे असं दिसलं की बोर्ड ठरलेल्या वेळाने स्वतः बंद करतो. सरकतं लोखंडी गेट जड असतं, आणि आपल्या गल्ल्यांत मुलं गेटच्या रुळावर बसून खेळतात. किरणाचा सेन्सर बसवल्याशिवाय आपोआप बंद होणारं गेट चालू करू नका. हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

वीज गेली तर?

हा प्रश्न मला महागात पडला, म्हणून जरा सविस्तर. जूनच्या पहिल्या वादळात रात्री दीड वाजता वीज गेली, वीस मिनिटांनी आली. सकाळी दूध आणायला निघालो तर गेट सताड उघडं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "भाऊ, तुमचं गेट रात्रीपासून उघडंच आहे, मला वाटलं कोणी यायचं आहे." काही चोरीला गेलं नाही, पण आई खालच्या खोलीत एकटी झोपली होती. तो विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही.

झालं असं की मी लावलेल्या तयार वाय-फाय रिलेत वीज परत आल्यावरची स्थिती 'चालू' अशी राहिली होती. वीज आली, रिले चालू झाला, मोटरला 'स्टार्ट' मिळालं. दुकानातून आणलेल्या प्रत्येक रिलेत ही सेटिंग बघा आणि ती 'बंद' करा. 'आधी होती तशी'सुद्धा नको. शिवाय रिले एकदा चालू झाला की अर्ध्या सेकंदात आपणहून बंद होईल असा टायमर रिलेतच ठेवा, होम असिस्टंटवर सोपवू नका. मग मेन स्विच पाच वेळा पाडून-चढवून स्वतः तपासा.

राउटर, रास्पबेरी पाय आणि ईएसपी३२ इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. आणि मोटर हाताने सोडवायची चावी घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.

गेटला चिकटून उभं राहावं लागतं, तेव्हाच ऐकतं.

आधी रिसीव्हरची जागा बघा. राउटरच्या डोक्यावर किंवा एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरला खेटून ठेवला असेल तर निदान एक मीटर दूर न्या. आपल्याकडे गेटला आतून पत्रा मारायची पद्धत आहे, त्यामागे खाली लावलेला रिसीव्हर आंधळा होतो. पत्र्याच्या वर, पोर्चच्या छताखाली लावा. गाडीत डॅशकॅमचा स्वस्त चार्जर असेल तर तो काढून एकदा बघा, तोही गोंगाट करतो. उष्णता परतवणाऱ्या धातूच्या थराची काच असली तर लहर थोडी अडते. तिथे इलाज रिसीव्हर उंच नेण्याचाच.

मी घरी पोहोचायच्या आधी कूलर सुरू व्हावा. बटणाने होईल?

नाही. बटणाची हाक वीस-तीस मीटर जाते. कूलरच्या ताट्या भिजायला दहा मिनिटं हवीत, म्हणजे निरोप दोन-तीन किलोमीटरवरून यायला हवा. ते काम फोनच्या जीपीएसचं. होम असिस्टंटमध्ये घराभोवती वर्तुळ आखा, फोन आत शिरला की आधी पंप आणि दहा मिनिटांनी पंखा. नागपुराने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश बघितले आहेत. इथे ही चैन नाही.

घर वर्धा रोडला लागून असेल तर वर्तुळ विचारपूर्वक आखा. तिथल्या ३.१४ किलोमीटरच्या डबल डेकर पुलावरून तुम्ही नुसते विमानतळाकडे जात असलात तरी जीपीएसला ते खालच्या रस्त्यासारखंच दिसतं. म्हणून लांबून पंप सुरू करण्यापुरतं जीपीएस, गेटला बटणच. माणसाच्या बोटाला कळतं की आपण घरीच चाललो आहोत.

गाडीत होमलिंक नाहीच. काय करू?

बहुतेकांची हीच स्थिती आहे. होम असिस्टंटचं ॲप अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले दोन्हीवर चालतं, गाडीच्या स्क्रीनवर गेटचं बटण घेता येतं. फक्त त्याला मोबाइलचं नेटवर्क लागतं. दुसरा उपाय म्हणजे वेगळा रिमोट गाडीत ठेवणं. तो डॅशबोर्डवर चिकटवू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत दुहेरी टेप वितळून रिमोट खाली पडतो आणि बटणसेल लवकर जातो. चष्म्याच्या कप्प्यात किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा.

फ्लॅटमध्ये राहतो. सोसायटीचं गेट जोडू का?

सोसायटीच्या लेखी संमतीशिवाय नाही. बहुतेक ठिकाणी काचेवरचा टॅग वाचून दांडा उचलला जातो, तेच बरं. बटणं आपल्या पार्किंगचा दिवा आणि घरातल्या गोष्टींना ठेवा.

गाडीची वॉरंटी जाईल का?

गाडीची एकही तार आपण तोडत नाही, फक्त बटणाला शिकवतो.

गाडी सर्व्हिसिंगला देताना किंवा विकताना?

काही गाड्यांत चावी नसतानाही ही बटणं चालतात. तुमच्या गाडीत तसं आहे का, हे आजच गेटसमोर तपासा. असेल तर रस्त्यावर उभ्या गाडीची काच फोडणाऱ्याच्या हातात घराचं गेट येतं. सर्व्हिसिंगच्या दिवशी मी होम असिस्टंटमधलं 'गाडी बाहेर' हे स्विच चालू करतो. ते चालू असेपर्यंत तिन्ही बटणांना घर ओ देत नाही. गेट थेट मोटरच्या बोर्डाला शिकवलं असेल तर हे स्विच त्याला अडवत नाही, त्या दिवसापुरती बोर्डाची रेडिओ पट्टी काढून ठेवावी लागते.

विकताना बाहेरची दोन बटणं एकदम दाबून धरा, साधारण दहा ते वीस सेकंद, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत. तिन्ही बटणं कोरी होतात. एवढ्यावर थांबू नका, घरातूनही ते आकडे आणि मोटरच्या बोर्डावरची नोंद पुसा. बऱ्याच बोर्डांत एकच रिमोट वेगळा पुसता येत नाही, सगळे पुसून घरातले पुन्हा शिकवावे लागतात. अर्धा तास जातो. मग नवीन मालकाला चावी देण्याआधी गाडी एकदा गेटसमोर आणा आणि तिन्ही बटणं दाबून बघा. गेट हललं नाही, दिवा लागला नाही, की चावी द्या.